नोकरी-घर सांभाळून स्वतःचे कुर्ते स्वतः शिवणं जमतं का?

कऱ्हाकाठ :

नमस्कार मंडळी,

मी सासवडची. हडपसरला एका कंपनीत अकाउंट्स बघते. सकाळी बसने दिवेघाट उतरायचा, संध्याकाळी परत चढायचा, घरात पाऊल पडेपर्यंत साडेसात. मुलगा तिसरीत आहे. त्याचा अभ्यास, स्वयंपाक, उद्याची भाजी निवडणं यात रात्र संपते. हे आधीच सांगते, म्हणजे नुसतं "वेळ काढला की निघतो" असं उत्तर येणार नाही.

सासूबाईंचं उषाचं काळं पायमशीन जिन्याखाली चादर घालून ठेवलंय. घरातल्या सगळ्या पोरांची झबली, परकर, उशांचे अभ्रे त्यांनी त्यावर शिवले. आता गुडघ्यांमुळे पाय मारवत नाही. परवा भाकऱ्या करता करता स्वतःहून म्हणाल्या, "तू बस मशीनवर, मी शेजारी बसून सांगते." तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच घोळतंय.

मला कुर्ते शिवायचेत, रोज ऑफिसला घालायचे. कारण सांगते. माझा खांदा अरुंद आणि सीट, म्हणजे कमरेखालचा घेर, रुंद. रेडिमेड कुर्ता खांद्यात बसला की सीटवर ताणतो, बाजूचे कट उघडे पडतात. सीटवर नीट बसला तर खांदे दंडावर उतरतात आणि गळा मागे सरकतो. टेलरकडे लग्नसराईत तारीख मिळत नाही, आणि खिसा सांगितला की उत्तर ठरलेलं : लेडीज कुर्त्याला खिसा केला तर फिटिंग बिघडतं. मला खिसा हवाच आहे. बसमध्ये एका हातात दांडी, दुसऱ्या हातात डब्याची पिशवी. पास आणि मोबाइल ठेवायचा कुठे?

शाळेत कार्यानुभवाच्या तासाला केलेली हातशिलाई आणि काज-बटण, एवढंच मला येतं. क्लास लावणं या वेळापत्रकात बसणार नाही. सुरुवात कशापासून करू? कडा पक्क्या करणारं ओव्हरलॉकचं मशीन नाही, तर कडांचे धागे निघतील त्याचं काय? आणि नोकरी करणारं कुणी हे खरंच नियमित करतं का, की हौसेने एक कुर्ता होतो आणि मशीन पुन्हा जिन्याखाली जातं?


बेलापूर_फास्ट :

मी शिवण शिकलेय, क्लासचं सर्टिफिकेट आहे, तरीही कुर्ते विकतच घेते. पैसे वाचतील म्हणून शिवणार असाल तर तो विचार सोडा. चांगलं सुती कापड, दोरा, अस्तर लागलं तर अस्तर, यातच सेलमधल्या तयार कुर्त्याची किंमत होते. शिवाय तुमचा रविवार. आमच्याकडे रविवारी आठवड्याचं धुणं, बाजार आणि मुलांची झोप या तीनच गोष्टी पुऱ्या होतात.

माझा सल्ला : सीटला बसेल तो कुर्ता घ्या आणि खांदा उसवून आत घ्या. दोन बाह्यांचं काम आहे.


सुईदोरा :

कऱ्हाकाठताई, जमतं. मी टपाल खात्यात काउंटरवर बसते, रोज डोंबिवली ते ठाणे लोकल, घरी सासरे अंथरुणावर आहेत. ऑफिसला घालते ते कुर्ते माझ्याच हातचे असतात. चिपळूणच्या आत्याकडे मे महिन्याच्या सुट्टीत शिकले, क्लास कधी लावला नाही.

आधी खांद्याचं बोलते, कारण त्या सल्ल्याने तुमचा चांगला कुर्ता वाया जाईल. खर्चाबद्दल बेलापूर_फास्ट म्हणतात ते शंभर टक्के खरं. पण खांदा आत घेणं हे नव्या माणसाचं काम नाही. खांदा इंचभर आत घेतला की मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, मोठा होतो, आणि उसवलेली बाही त्याला वरून तोकडी पडते. मग ताणून लावली की बगलेपासून खांद्यापर्यंत तिरप्या चुण्या येतात. नवा कुर्ता कापणं त्यापेक्षा कितीतरी सोपं आहे.

तुम्हाला तयार कपडा बसत नाही याचं कारण साधं आहे. कारखान्यात एका मापाचा नमुना पक्का करतात आणि पुढची मापं ठरावीक इंचांनी वाढवत नेतात. छाती वाढली की खांदा वाढतो, सीटही वाढते, सगळं एकाच हिशेबाने. आपल्यापैकी कितीतरी जणी त्या हिशेबात बसत नाहीत आणि ट्रायल रूममधून बाहेर येताना स्वतःच्या अंगाला बोल लावतात. ते मला फार खटकतं. घरी शिवताना खांदा १४ चा, सीट ४२ ची, कुणाची परवानगी लागत नाही.

आता वेळेचं. कटिंग आणि शिलाई ही दोन वेगळी कामं धरा. कटिंगला सलग दीड-दोन तास आणि मोकळी फरशी लागते. मध्येच उठलं की आकडा डोक्यातून जातो, म्हणून ते शनिवारी जेवणं आटोपल्यावर करायचं, पंखा बंद करून, नाहीतर कागद उडतात. शिलाई मात्र तुकड्यातुकड्यांनी होते. एका रात्री फक्त खांदे आणि गळा. दुसऱ्या रात्री बाह्या. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत एका बाजूचा कट दुमडून होतो. एका कुर्त्याचे सगळे कापलेले भाग, त्याच रंगाचा दोरा आणि खालच्या दोऱ्याची भरलेली बॉबिन एका जुन्या अभ्र्यात घालून मशीनलाच लटकवून ठेवा. बसलं की शोधाशोध नको. आणि मशीन जिन्याखालून बाहेर काढून उजेडात, कायम उघडं राहील असं ठेवा. ज्या घरात मशीन काढायलाच दहा मिनिटं लागतात त्या घरात शिवण होत नाही, हे मी माझ्या दोन्ही नणंदांकडे पाहिलंय.

सुरुवात अभ्र्यापासून करा. सरळ टीप, कोपरा वळवणं, दुमड घालणं सगळं त्यात येतं. मग मुलाचा नाडीचा पायजमा. मग कुर्ता. ब्लाउजच्या वाटेला वर्षभर जाऊ नका, तिथे पाव इंचाने फरक पडतो. कुर्ता माफ करतो.

कुर्त्यासाठी फॉर्म्युल्यांच्या वह्या नकोत. तुमचा खांद्यात नीट बसणारा एक जुना कुर्ता घ्या, इस्त्री करा, मधोमध उभा दुमडा आणि वर्तमानपत्रावर ठेवा. शिवणीवरून टाचणी टोचत जा, कागदावर भोकांची ओळ उमटते. कुर्ता उचला, भोकं पेन्सिलीने जोडा, त्याबाहेर शिलाईची माया, म्हणजे शिवणीत जाणारं जादा कापड, सोडा : बाजूंना इंचभर, खांद्याला आणि मुंढ्याला अर्धा, खाली दीड. सीटच्या रेषेवर तुमच्या मापाप्रमाणे बाहेर घ्या आणि ती रेघ कमरेपर्यंत हळूहळू आत मिळवा. खांद्याला हात लावू नका. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायची : पुढचा मुंढा मागच्यापेक्षा अर्धा इंच जास्त खोल असतो. हात आपण पुढे करतो, तिथे कापड जास्त असलं तर ते काखेत गोळा होतं. जुन्या कुर्त्याच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या टोचल्या की तो फरक आपोआप कागदावर येईल.

शिवायचा क्रम : आधी खांदे जोडा. मग गळ्याला उरेब पट्टी. पट्टी कापडाच्या तिरक्या रेषेतच कापायची, सरळ पट्टी गोलाईवर बसत नाही, उभी राहते. पट्टी लावून झाली की गोलाईवर कात्रीने बारीक कट द्या, टाक्याला न लागता. त्यानंतर बाह्या लावा, बाजू अजून उघड्या असतानाच. तेव्हा कुर्ता सपाट पसरलेला असतो, बाही फिरवत बसावं लागत नाही. शेवटी बाहीच्या टोकापासून बगलेतून थेट कटापर्यंत एकच लांब टीप. प्रत्येक टीप झाली की इस्त्री फिरवायची. शिवण बसलेली दिसते ती इस्त्रीने.

आणि खिसा! फिटिंग बिघडतं वगैरे काही नाही. बाजूच्या शिवणीत घालायचा. खांद्यापासून साधारण साडेचौदा इंचांवर तोंड सुरू करा, सहा इंच उघडं ठेवा. कट बावीसच्या आसपास सुरू होतो, म्हणजे तोंड कटाच्या वर संपतं. पण मोबाइल मावायचा तर खिशाची पिशवी तोंडाच्या खाली आणखी चारेक इंच उतरते, म्हणजे कटाच्याही खाली जाते आणि चालताना कटातून डोकावते. टेलर टाळतात ते बहुतेक याच कटकटीमुळे. उपाय सोपा आहे : पिशवी पुढच्या भागाकडे वळवा आणि तिची कड आतून पुढच्या भागाला हाताने बारीक टाके घालून बसवा, वरून दिसणार नाहीत असे. खिशाचं कापड पातळ पण घट्ट विणीचं घ्या, पॉपलिन उत्तम. तोंडाच्या वरच्या आणि खालच्या टोकाला टीप दोन-तीनदा मागेपुढे फिरवा, फाटतं ते तिथूनच.

एक कुर्ता होऊन मशीन पुन्हा जिन्याखाली जातं का, असं विचारलंत. काहींचं जातं. पण खिसेवाला कुर्ता अंगात घालून तुम्ही एकदा घाट चढलात की तुमचं जाणार नाही, असं मला मनापासून वाटतं.


जुना_पन्हा :

वरच्या ताईंनी शिवणाचं सांगितलं, मी कापडाचं आणि मशीनचं सांगतो. इचलकरंजीत यंत्रमागावर आयुष्य गेलं. आमच्या गावात १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून गावाचा दिवस मागाच्या खडखडाटानेच उजाडतो.

पोरी, कापड आणलं की लगेच कात्री लावू नकोस. मागावर ताणा, म्हणजे उभा धागा, कायम ओढलेला असतो. कापड पाण्यात पडलं की तो सैल होऊन आपल्या मूळ लांबीवर येतो, म्हणून सुती कापड रुंदीपेक्षा लांबीत जास्त आटतं. मीटरला इंच-दीड इंच सहज. शिवलेला कुर्ता पहिल्या धुण्यात वर चढतो तो यामुळे. रात्रभर साध्या पाण्यात भिजत घाल, न पिळता सावलीत वाळव, किंचित दमट असताना इस्त्री कर, मग काप. त्याने कांजीही निघते आणि कापड खरं किती भरीव आहे ते कळतं. दुकानात चोळून बघ. पांढरी भुकटी बोटाला लागली तर तो भरीवपणा कांजीचा.

पहिल्या कुर्त्याला केंब्रिक, म्हणजे घट्ट विणीचं सुती, घे. मलमल अंगाला छान, पण कापताना हलते. रेयॉन तर हातातून निसटतं, टेबलावर एक माप आणि अंगावर दुसरं. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारून घे, ३६, ४४ आणि ५८ इंच असे येतात. काठाला समांतर जातो तो उभा धागा, कुर्त्याची उंची त्याच दिशेने धरायची. तिरकं कापलं तर दोन धुण्यांत बाजूची शिवण फिरून पोटावर येते.

मशीन बरीच वर्षं बंद असेल तर आधी तेलाच्या सगळ्या भोकांत रॉकेलचे थेंब सोड, चाक हाताने फिरवत राहा, काळं पाणी येईल ते पुसून काढ. मग शिलाई मशीनचं पांढरं तेल. घरात आहे म्हणून खोबरेल घालायचं नाही, थंडीत गोठतं आणि मशीन जाम होतं. चामड्याचा पट्टा सैल झाला असेल तर थोडा कापून त्याच तारेच्या कडीने पुन्हा जोडता येतो. सुई नवी घाल. केंब्रिक-पॉपलिनला १४ नंबर, मलमलीला ११. टाके सुटायला लागले किंवा सुई कापडात शिरताना टक्‌टक्‌ आवाज आला की सुई बोथट झाली समज. ती स्वस्त असते, बदलताना जीव खाऊ नये.

आणि खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता झाला की सगळे बॉबिन केसचा स्क्रू पिळतात. तसं करू नकोस. बहुतेक वेळा वरचा दोरा टेन्शनच्या चकत्यांमध्ये बसलेलाच नसतो. कापड दाबणारं फूट वर उचललेलं असताना दोरा ओवायचा, तेव्हा चकत्या मोकळ्या असतात. खाली असताना ओवलास तर दोरा वरच राहतो.


काळं_जंगल :

मी श्टुटगार्टजवळ राहते, मूळची साताऱ्याची. ओव्हरलॉकच्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही म्हणून लिहिते. ओव्हरलॉक नसेल तर फ्रेंच शिलाई करा. दोन भाग उलट बाजू आत ठेवून, म्हणजे सुलट बाजू बाहेर, पाव इंचावर टीप मारायची. कडा कातरून अगदी बारीक करायच्या. मग कापड उलटवून सुलट बाजू आत घ्यायची आणि पुन्हा पाव इंचावर टीप. कच्च्या कडा आत बंद होतात, एक धागा बाहेर येत नाही. पातळ कापडाला तर ओव्हरलॉकपेक्षा हीच शोभते. खांदे आणि बाह्यांना करा. बाजूला खिसा आणि कट असल्यामुळे तिथे गुंतागुंत होते, तिथे दोन्ही कडा वेगवेगळ्या दुमडून टीप मारली तरी चालतं.

इथे बुर्डा नावाचं शिवणाचं मासिक मिळतं, त्यातल्या मोठ्या कागदावर अनेक कपड्यांचे नमुने एकावर एक छापलेले असतात. आपल्या मापाची रेघ शोधून दुसऱ्या कागदावर उतरवायची, आणि माया आपली आपण सोडायची, त्यांनी धरलेली नसते. मी त्यावरून कोट शिवलाय. पण कुर्त्यासाठी मीही आईच्या जुन्या कुर्त्यावरून टाचणीनेच कागद काढला. इथल्या थंडीत पाच वाजता अंधार होतो, ऑफिसातून आल्यावर ते मशीन नसतं तर मी काय केलं असतं मला ठाऊक नाही.


बेलापूर_फास्ट :

सुईदोरा, खांद्याचं पटलं. बगलेतल्या तिरप्या चुण्या मी टेलरने आत घेतलेल्या दोन कुर्त्यांवर बघितल्यात, कारण आज कळलं.


कऱ्हाकाठ :

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, रॉकेल आमच्याकडे आता मिळत नाही, पण गावातले मशीन दुरुस्त करणारे आले होते, त्यांनी सगळं खोलून साफ केलं, पट्टा नवा घातला. मशीन आता खिडकीपाशी आहे. मुलगा चाक धरून बसतो, त्याला हाकलावं लागतं. चार अभ्रे झाले. सासूबाई खुर्चीत बसून पायांकडे बघत राहतात. चाक उलटं गेलं की त्यांना माझ्या आधी कळतं. "हात चाकावर, आपल्याकडे ओढ, मग पाय," एवढंच सांगतात. दोरा तुटणं त्याने एकदम थांबलं.

पायजमाही झाला. आता कुर्ता. माझी मापं : खांदा १४, छाती ३६, सीट ४२, उंची ४२, बाही पाऊण. रविवार पेठेत ४४ पन्ह्याचं निळं केंब्रिक बघून ठेवलंय, बारीक फुलांचं. दुकानदार म्हणाला अडीच मीटर पुष्कळ झालं, सासूबाई म्हणतात तीन घे. मी कागद मधोमध दुमडलेल्या पन्ह्यावर मांडून बघितला तर बाही कुठेच बसेना. काय करू?


सुईदोरा :

चाक आपल्याकडे ओढण्याचं सासूबाईंनी सांगितलं ते लाखातलं. त्यांना माझा नमस्कार सांगा.

अडीच मीटर पुरतं. बाही बसत नाही, कारण तुम्ही कापड मधोमध दुमडलंय. बघा हं : सीट ४२, तिचा चौथा भाग साडेदहा, त्यात एक इंच सैलपणा आणि एक इंच माया, झाले साडेबारा. पन्हा मधोमध दुमडला की बावीस इंच मिळतात, साडेबारा गेले की साडेनऊ उरतात. ते साडेनऊ-साडेनऊचे दोन सुटे पदर असतात, बाहीला हवी सोळा-सतरा इंच रुंद सलग पट्टी. म्हणून कापड मधोमध दुमडायचंच नाही. एका काठाकडून फक्त साडेबारा इंच आत दुमडा. पंचवीस इंच दुहेरीत गेले, उरलेले एकोणीस इंच दुसऱ्या काठापर्यंत एकेरी राहिले. काकांच्या सांगण्याप्रमाणे भिजवल्यावर पन्हाही थोडा कमी होईल, अठरा धरा. तरी पुरतं.

दुहेरी भागात घडीवर पुढचा भाग, त्याच्याखाली मागचा. उंची ४२, खांद्याची आणि खालची माया धरून चव्वेचाळीस, दोन्ही मिळून ८८ इंच. अडीच मीटर म्हणजे ९८ इंच, आटून ९३-९४ राहतील. बसलं. घडी वरपासून खालपर्यंत सारखीच आहे ना ते टेपने जागोजागी मोजा, दोन बोटांनी सरकली तरी मागचा भाग कमी भरतो.

एकेरी पट्टीत दोन्ही बाह्या एकाखाली एक. इथे डोळे उघडे ठेवा : एक बाही कापली की कागद उलटा करून दुसरी आखायची, नाहीतर दोन्ही बाह्या एकाच हाताच्या होतात, कारण पुढचा मुंढा खोल आहे. आखून झालं की कापायच्या आधी दोन्हींवर खडूने 'पुढे' लिहा. बाह्या गेल्यावर त्या पट्टीत अजून मीटरभर तरी कापड शिल्लक राहतं, त्यातून गळ्याची उरेब पट्टी काढा. खिशाच्या पिशव्या पॉपलिनच्या केल्यात तरी तोंडाशी दीड-दोन इंचांची पट्टी याच निळ्या कापडाची लावा, म्हणजे खिसा उघडला तरी वेगळा रंग दिसत नाही.

फुलं सगळीकडे पसरलेली असतील तर अडीच मीटर नक्की. फुलांचे देठ एकाच दिशेला असतील तरीही चालेल, कारण आपण दोन्ही भाग एकाच दिशेने ठेवलेत, बाह्याही तशाच ठेवा. पुढे कधी चौकडा घेतलात तर मात्र सासूबाईंचे तीन मीटर घ्या. बाजूच्या शिवणीवर आडव्या रेघा जुळवायला मागचा भाग खाली सरकवावा लागतो आणि कापड त्यातच जातं.